डॅनी टॉरन्स का पितो?

प्रश्न : स्टीफन किंग यांची ‘द शायनिंग’ वाचली. बापाच्या दारूपायी डॅनीनं लहानपणी इतकं सोसलं, तरी ‘डॉक्टर स्लीप’मध्ये तो स्वतःच दारुडा झालेला आहे म्हणे. हे मनाला पटत नाही. व्यसन खरंच रक्तातून येतं का?

उत्तर : काही अंशी येतं. दारूच्या व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक असतो, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. बाकीचं आयुष्य ठरवतं, आणि डॅनीच्या वाट्याला दोन्हीकडून वाईटच आलं. आजोबा दारुडे आणि मारकुटे. वडिलांनी, जॅकनं, कागदांवर बिअर सांडली म्हणून लहानग्या डॅनीचा हात मोडलेला. त्यात या मुलाला मेलेली माणसं दिसतात, दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं. दारू पोटात गेली की हा गलका थांबतो, म्हणून तो पितो.

‘द शायनिंग’ 1977ची, ‘डॉक्टर स्लीप’ 2013ची. मधल्या काळात, 1980च्या दशकाच्या अखेरीस, किंग स्वतः दारू आणि कोकेनमधून बाहेर पडले. जॅक लिहिताना आपण स्वतःबद्दलच लिहीत होतो, हे तेव्हा कळलं नाही, असं त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं. जॅकनं दारू सोडली होती, पण एकट्यानं, दात-ओठ खाऊन. मोठा झालेला डॅनी, म्हणजे डॅन, मात्र न्यू हॅम्पशायरमधल्या एका छोट्या गावात ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या सभेला जाऊन बसतो. बापाला जे जमलं नाही ते मुलगा करू पाहतो.

मुलांच्या यातनांवर जगणारी ‘ट्रू नॉट’ ही टोळी पुस्तकात आहे, पण मला तिची फारशी भीती वाटली नाही. भीती वाटली ती सुरुवातीच्या एका खोलीची. नशा उतरत असताना डॅन एका अनोळखी बाईच्या पाकिटातले पैसे उचलतो. तिचं अंगावर वळ असलेलं तान्हं पोर टेबलावरच्या कोकेनला खाऊ समजून हात घालत असतं. डॅन ती पूड उचलून उंचावर ठेवतो, आणि निघून जातो. डिक हॅलोरन या वडीलधाऱ्या मित्रानं त्याला भुतं मनातल्या पेटीत कोंडायला शिकवलेलं असतं. भुतं त्या पेटीत राहतात, हे पोर राहत नाही. पुढे मरणासन्न माणसांच्या उशाशी बसून तो त्यांचा शेवट सोपा करतो, म्हणून लोक त्याला ‘डॉक्टर स्लीप’ म्हणू लागतात. तरीही ती खोली सभेत सर्वांसमोर बोलून दाखवायला त्याला कितीतरी वर्षं लागतात. माझ्या मते कादंबरीचा खरा कळस तोच.

‘द शायनिंग’ पुस्तक तुम्ही वाचलंच आहे, हे उत्तम झालं. कुब्रिक यांच्या 1980च्या चित्रपटात हॅलोरन मरतो आणि कथा जिथं घडते ते हॉटेल शाबूत राहतं. कादंबरीत नेमकं उलट आहे, आणि ‘डॉक्टर स्लीप’ कादंबरीचाच धागा पुढे नेते.