पांढरे अस्वल, ताडोबाचा वाघ आणि आमचा वाघोबा

(द्वितीय वर्ष, कला)

भूगोलाच्या तासाला सरांनी आम्हांला टुंड्रा प्रदेश शिकविला. बारमाही गोठलेली जमीन, झाडांचा अभाव, शेवाळ आणि दगडफूल, अल्पकाळ टिकणारा उन्हाळा, असे मुद्दे मी वहीत उतरवून घेतले. तास संपता संपता सर म्हणाले, "कॅनडात चर्चिल नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे पांढरी अस्वले पाहण्यासाठी लोक लाखो रुपये खर्च करून जातात." यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, त्यांना मोखाड्याला पाठवा. आम्ही बिबट्या फुकट दाखवू!" वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण दोन महिन्यांपूर्वी आमच्या घरी घडलेला एक प्रसंग होय.

माझे घर मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर आहे. श्रावणात धबधबा पाहावयास आलेली काही मंडळी आमच्या अंगणात पाणी पिण्यासाठी थांबली. त्यांतील एकाने माझ्या मोठ्या भावास विचारले, "इथे बिबट्या दिसतो का? दाखवलास तर पाचशे रुपये देतो." दादाने आठवीतून शाळा सोडली. दिवाळी झाली की तो आईबापाबरोबर वीटभट्टीवर जातो. पाचशे रुपये ही त्याच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हे. शिवाय आदल्याच दिवशी त्याने ओढ्याच्या वरच्या बाजूस, कातळाजवळ, पावलांचे ठसे पाहिले होते. तो उत्तर देणार एवढ्यात ओट्यावर बसलेली आजी म्हणाली, "वाघ दाखवायचा नसतो, बाबा. त्याला आपण होऊन उठवायचा नसतो." मंडळी हसली आणि निघून गेली.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "आजे, पाचशे रुपये गेले." आजी म्हणाली, "आणि त्याला तिथून उठवला असता, तो शाळेच्या पायवाटेला आला असता, म्हणजे? पोरं कुठून गेली असती?"

दादाचे बरोबर की आजीचे, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मनात होता. सरांनी चर्चिलचे नाव काढले तेव्हा वाटले की, जगात दुसरीकडे लोकांनी या प्रश्नाचे काय केले ते तरी पाहावे. ग्रंथालयात आणि अन्यत्र जे वाचावयास मिळाले, ते माझ्या बुद्धीप्रमाणे येथे मांडीत आहे.

चर्चिलची अस्वले

चर्चिल हे गाव कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठी आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या नऊशेहूनही कमी आहे. बाहेरून तेथे जाणारी मोटाररस्त्याची वाटच नाही. विमानाने जावे, नाहीतर विनिपेग शहरातून आगगाडीने सुमारे १७०० किलोमीटरचा, दोन दिवसांचा प्रवास करावा. हा लोहमार्ग १९२९ साली पूर्ण झाला. २०१७ च्या पुराने तो तुटला, तेव्हा गाव दीड वर्ष विमानावर अवलंबून राहिले.

अस्वले नेमकी याच गावाजवळ का जमतात, याचे कारण भूगोलाच्या विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखे आहे. ध्रुवीय अस्वलाचे मुख्य भक्ष्य म्हणजे सील हा समुद्रातील सस्तन प्राणी. तो मारण्यासाठी अस्वलाला समुद्रावर बर्फाचा थर लागतो. उन्हाळ्यात उपसागराचे बर्फ वितळले की अस्वले नाइलाजाने किनाऱ्यावर येतात आणि पुढचे सुमारे चार महिने जवळजवळ उपाशी राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चर्चिलच्या आसपास समुद्र लवकर गोठू लागतो. म्हणून ती तेथे येऊन बर्फाची वाट पाहतात. म्हणजे ज्याला आपण 'अस्वलांचा हंगाम' म्हणतो, तो वस्तुतः अस्वलांच्या उपासाचा शेवट असतो. उंच चाकांच्या, अस्वलाचा पंजा खिडकीपर्यंत पोहोचणार नाही अशा मोठ्या गाड्यांतून प्रवासी हे दृश्य पाहतात. अशा गाड्या तेथे १९८० च्या सुमारास सुरू झाल्या.

प्रवासी आठवड्याभरात परत जातात, गावकरी मात्र तेथेच राहतात. रस्त्यात अस्वल समोर आलेच तर कोणालाही आत शिरता यावे, म्हणून तेथील लोक आपल्या मोटारींना कुलूप लावीत नाहीत, असे वाचले तेव्हा मला त्या लोकांविषयी एकदम जवळीक वाटली. १९८३ साली तेथे अस्वलाच्या हल्ल्यात एक माणूस मृत्युमुखी पडला. गावात शिरणाऱ्या अस्वलांना आवाज करून पिटाळण्यात येते. न जुमानणाऱ्यांना पकडून एका जुन्या लष्करी इमारतीत कोंडतात. तिला लोक 'अस्वलांचा तुरुंग' म्हणतात. तेथे अस्वलाला खायला घालीत नाहीत, कारण माणसाजवळ गेले की खायला मिळते ही सवय त्याला लागू नये. मग त्याला दूर नेऊन सोडतात. पूर्वी गावाचा उघडा उकिरडा हे अस्वलांचे मोठे आकर्षण होते, तो २००५ मध्ये बंद करण्यात आला.

दुसरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पश्चिम हडसन उपसागरातील अस्वलांची संख्या १९८० च्या दशकात सुमारे १२०० होती. २०२१ च्या पाहणीत ती ६१८ वर आली. हवामान तापत असल्याने बर्फ लवकर वितळते आणि उशिरा धरते, त्यामुळे उपासाचे दिवस वाढले आहेत. अस्वल संपण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावे म्हणून लोक विमानाने धाव घेतात, आणि विमानाचा धूर त्याच तापमानात भर घालतो. यातील विसंगती निराळी सांगावयास नको.

ताडोबाचा वाघ

आपल्या महाराष्ट्रात चर्चिलला तोडीचे उदाहरण शोधावयाचे तर ते चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचे होय. ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. पुढे १९८६ चे अंधारी अभयारण्य जोडून १९९५ साली व्याघ्र प्रकल्प निर्माण झाला. मोहर्ली, कोलारा, नवेगाव इत्यादी प्रवेशद्वारांतून उघड्या जिप्सी गाड्या सकाळ-दुपार आत सोडल्या जातात. बरोबर वनखात्याने नेमलेला वाटाड्या असतो आणि तो बहुधा जवळच्याच गावचा तरुण असतो. अलीकडे स्त्रियाही हे काम करू लागल्या आहेत. ज्यांच्या घरी पूर्वी मजुरीशिवाय दुसरा आधार नव्हता, त्यांना हे उत्पन्नाचे साधन झाले, ही जमेची बाजू मान्य केलीच पाहिजे. दादाचे म्हणणे येथे खरे ठरते.

परंतु याच जंगलातून बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी या गावांतील कुटुंबांना २००७ नंतर टप्प्याटप्प्याने बाहेर वसविण्यात आले. ताडोबा हे नाव ज्या तारू देवावरून पडले, तो गोंडांचा देव. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा वीर तलावाकाठी देव होऊन बसला, अशी श्रद्धा आहे. देवाच्या नावाचे जंगल जगप्रसिद्ध झाले, आणि देवाची माणसे जंगलाच्या बाहेर गेली.

शिवाय वाघ जंगलाची हद्द पाळीत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. आमच्याकडच्या बायकाही अशाच पहाटे रानात जातात, त्यामुळे ही बातमी मला परक्या गावची वाटली नाही. एक वाघ दिसावा म्हणून कोणी हजारो रुपये मोजतो, आणि त्याच जिल्ह्यात तो दिसू नये म्हणून कोणी जीव मुठीत धरून चालते.

पाहण्याची हौस अनावर झाली म्हणजे काय होते, त्याचेही उदाहरण आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात प्रवाशांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. त्याची चित्रे सर्वत्र पसरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली आणि संबंधित चालक व वाटाड्यांवर कारवाई झाली. मला येथे एक शंका येते. शिक्षा झाली ती बहुतांशी गावच्या पोरांना. "अजून जरा जवळ घे" असे मागून सांगणारे कोण होते? पाचशे रुपये पुढे करणारा हात दादालाही दिसला होता.

आमची वाघबारस

आता आमच्याकडे वळू. जव्हार-मोखाड्याच्या रानात पट्टेरी वाघ आता राहत नाही, बिबट्या आहे. आमची माणसे त्यालाही वाघच म्हणतात. पालघर-ठाणे भागात ठिकठिकाणी वाघोबाची ठाणी आहेत. दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ कोरलेला असतो, वर सूर्य-चंद्र असतात, आणि शेंदूर लावलेला असतो. वारली, महादेव कोळी आदी सर्व जमातींत त्याला मान आहे. वारली समाज आणि त्यांचा वाघोबा यांविषयी २०२१ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. शिकलेल्या जगाने आमच्या शेंदूर लावलेल्या दगडाची दखल घेतली, याचे मला नवल वाटले.

आश्विन वद्य द्वादशीस शहरात वसुबारस करतात. आम्ही महादेव कोळी त्याच दिवशी वाघबारस करतो. गुराखी पोरे घरोघर तांदूळ मागतात. वाघोबाच्या ठाण्याजवळ नारळ फोडतात, भात-खीर शिजवितात. एक पोरगा वाघ होतो. बाकीचे त्याला विचारतात, "आमच्या शिवारात येशील का?" तो "नाही" म्हणतो आणि पळत सुटतो. पोरे त्याला शिवेपर्यंत पिटाळतात. लहानपणी मला हा नुसता खेळ वाटे. आता वाटते की, हा एक करार आहे. वाघाला मारून टाकू असे त्यात कोणी म्हणत नाही. तू आहेस, तू राहा, तुझे रान तुझे आणि माझी वाट माझी, एवढेच त्यात म्हटलेले आहे. गेल्या वर्षी आमची एक शेळी गेली. आई दोन दिवस नीट जेवली नाही. पण वाघबारशीचा नारळ तिने चुकविला नाही.

भाबडेपणाने मी असे म्हणणार नाही की, नारळ फोडल्याने बिबट्या येत नाही. पण त्या श्रद्धेपोटी माणसे त्याच्या जागेपासून दूर राहतात, पिले दिसली तर हात लावीत नाहीत, अंधारात एकटी फिरत नाहीत. हा उपयोग खराच आहे.

येथे एक योगायोग सांगते. नॉर्वेच्या ताब्यात स्वालबार्ड नावाची ध्रुवीय बेटे आहेत. तेथे १ जानेवारी २०२५ पासून नवा नियम लागू झाला. अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहावे, आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर. प्रवाशांच्या बोटी फार जवळ जात, अस्वलांची शिकार आणि विश्रांती बिघडे, म्हणून सरकारला हे करावे लागले. मी हे आजीला सांगितले. ती म्हणाली, "मग माझं काय वेगळं होतं?" तिला मीटर ठाऊक नाही, पण अंतर ठाऊक आहे.

पाहणे आणि शेजार

पाहावयास येणारा माणूस आम्हांला नवा नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा किती गाड्या आल्या ते मोठी माणसे आजही सांगतात. गाड्या आल्या म्हणून जगाला कळले, हे खरे. पण पाहणारा निघून गेल्यावर शेजारी काय उरते, हा प्रश्न तेव्हाही होता. आता लोक दाभोसाचा धबधबा पाहावयास येतात, जयविलास राजवाडा पाहतात, वारली चित्रे विकत घेतात. उद्या कोणी बिबट्या दाखविण्याच्या सफरी काढील. त्या वेळी आपले म्हणणे काय असावे, हे आपण, या तालुक्यांतील शिकणाऱ्या मुलामुलींनी, आजच ठरविले पाहिजे.

माझ्या मते दादाचेही चुकले नाही आणि आजीचेही नाही. दादाला काम हवे आहे, आणि ते वीटभट्टीपेक्षा घराजवळ मिळाले तर कोणाला नको आहे? पण त्याची किंमत शाळेच्या पायवाटेने चुकती करू नये. रान दाखवावे. पक्षी, झाडे, ठसे, वाघोबाचे ठाणे आणि त्यामागची गोष्ट दाखवावी. जनावर आपण होऊन दिसले तर ते नशीब. त्याला उठवून, अडवून, दिवे मारून दाखवू नये. कोठवर जावयाचे ते पाड्याने ठरवावे आणि पैसाही पाड्यात राहावा. चर्चिलला जे शहाणपण अपघातांनंतर आले आणि स्वालबार्डला जे कायद्याने आणावे लागले, ते आपल्याकडे वाघबारशीच्या रूपाने आधीच आहे. ते आजीबरोबर जाऊ नये.

म्हणून प्राध्यापकांना आणि माझ्या मित्रमैत्रिणींना एक नम्र सूचना करावीशी वाटते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या पाड्यावरील वाघोबाचे ठाणे कोठे आहे, तेथे काय कोरले आहे आणि वाघबारस कशी होते, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे. भूगोल विभागाने त्याचा नकाशा करावा. पुढील वर्षीच्या अंकात तो छापता येईल. आमच्या पाड्याची माहिती मी आणीन. दादाने ठाणे दाखवावयास बरोबर येण्याचे कबूल केले आहे. त्याबद्दल तो पैसे मागणार नाही, असे त्याने हसत हसत सांगितले आहे.