आधी शब्द, मग गडगडाट: कमी खर्चातील होम थिएटर

होम थिएटर या नावाने बाजारात दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात: स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि तारा एकाच खोक्यात घेऊन येणारा तयार संच, आणि एव्ही रिसीव्हर (ध्वनीचे मार्ग वाटून स्पीकरना शक्ती पुरवणारे यंत्र) व स्पीकर सुटे निवडून केलेली जुळणी. पुढील संवाद दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. त्यातील गृहस्थांकडे 10 फूट रुंद व 15 फूट लांब दिवाणखाना, एक टीव्ही आणि मर्यादित रक्कम आहे. तंत्रज्ञ ध्वनियंत्रणांचे जाणकार आहेत.

गृहस्थ: दुकानात सगळीकडे 5.1 हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ काय, आणि सहाही स्पीकर एकदमच घ्यावे लागतात का?

तंत्रज्ञ: पाच म्हणजे पाच स्वतंत्र ध्वनिमार्ग: समोर डावा, मधला व उजवा, आणि श्रोत्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे असलेले दोन सराउंड. दशांशचिन्हापुढचा एक म्हणजे सुमारे 120 हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी राखून ठेवलेला मार्ग, जो सबवूफरकडे जातो. सहाही एकदम घेण्याची सक्ती मुळीच नाही, कारण कोणते स्पीकर जोडले आहेत हे रिसीव्हरला सेटिंगमध्ये सांगितले की नसलेल्या सराउंडचा किंवा मधल्या स्पीकरचा ध्वनी तो असलेल्या स्पीकरांकडे वळवतो. म्हणून थोड्या पैशांत सहा सुमार डबे घेण्यापेक्षा समोरचे दोन-तीन चांगले घेऊन उरलेले पुढे सवडीने जोडणे केव्हाही श्रेयस्कर.

गृहस्थ: समोरच्या स्पीकरना एवढे महत्त्व का?

तंत्रज्ञ: कारण चित्रपटातील बोलणे बहुतांशी मधल्या मार्गातून येते, आणि ज्या यंत्रणेत स्फोट दणदणीत ऐकू येतात पण बोललेले शब्द समजत नाहीत, ती यंत्रणा कितीही महाग असली तरी फसलेलीच म्हणावी लागते. पडद्यावर माणूस एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडे, ही अडचण बोलपटांच्या आरंभकाळापासूनची आहे. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर 1931 मध्ये स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी केलेल्या अर्जामागे हाच प्रश्न होता. दोनच स्पीकर असले तरी बरोबर मध्यभागी बसलेल्याला आवाज पडद्याच्या मधून आल्याचा भास होतो, पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला तोच आवाज जवळच्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटतो. मधला स्पीकर हा दोष दूर करतो. मात्र समोरचे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतील असावेत, नाहीतर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज वाटेत आपला पोत बदलतो. तिघांचे पैसे नसतील, तर आज दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर घ्यावेत आणि त्याच मालिकेतील मधला नंतर घ्यावा.

गृहस्थ: तयार संचातले स्पीकर तळहाताएवढे असतात. त्यांत उणे काय?

तंत्रज्ञ: पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण 100 हर्ट्झच्या आसपास असतो आणि दोन-तीन इंची पडद्याच्या स्पीकरला तो पुरेशा जोराने काढता येत नाही. मग हा भाग सबवूफरकडे ढकलावा लागतो, म्हणजे कोणता ध्वनी कोणाकडे जाईल हे ठरवणारी क्रॉसओव्हर नावाची सीमा वर न्यावी लागते. सुमारे 80 हर्ट्झच्या खालचा ध्वनी कोणत्या दिशेने आला हे कानाला सहसा कळत नाही. सीमा 150 किंवा 200 हर्ट्झवर गेली की ते कळू लागते, आणि नायकाच्या आवाजाचा अर्धा भरणा कोपऱ्यातल्या सबवूफरमधून येतो. पाच-सहा इंची वूफर असलेल्या स्पीकरला 80 हर्ट्झची सीमा बहुधा पेलते.

गृहस्थ: आणि वॅट? जाहिरातीत हजार-हजार वॅट लिहिलेले असतात.

तंत्रज्ञ: पीएमपीओ या अक्षरांपुढील आकडा सरळ सोडून द्यावा, कारण तो निमिषमात्र मिळू शकणाऱ्या काल्पनिक शक्तीचा असतो, सातत्याने मिळणारी शक्ती आरएमएस या आकड्यातून कळते. त्याहून उपयोगी आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो याचा. समजा तो 85 आहे आणि श्रोता तीन मीटरवर बसला आहे. तिथे एका वॅटला सुमारे 76 डेसिबल उरतात, आणि घरात साधारणपणे 65 ते 70 डेसिबलवर चित्रपट पाहिला जात असल्याने नेहमीच्या प्रसंगांना एक वॅटही पुरतो. अचानक येणाऱ्या 90 डेसिबलच्या धमाक्याला 14 डेसिबल अधिक लागतात, त्यासाठी सुमारे 25 वॅट हवेत. स्पीकर 88 डेसिबलचा असता तर तेच काम निम्म्या शक्तीत झाले असते, कारण दर 3 डेसिबलला लागणारी शक्ती दुप्पट होते.

गृहस्थ: घरात जुन्या संचाचे दोन स्पीकर पडून आहेत. नव्यांच्याच टर्मिनलला तेही जोडले तर?

तंत्रज्ञ: ते धोक्याचे आहे. स्पीकरच्या मागे लिहिलेले ओहम म्हणजे त्याचा इम्पिडन्स, अर्थात बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर, म्हणजे लालला लाल आणि काळ्याला काळे असे एकाच टर्मिनलवर जोडले, की ॲम्प्लिफायरला फक्त चार ओहम दिसतात आणि प्रवाह दुप्पट होतो. जुन्या तयार संचांतले स्पीकर तर तीन-चार ओहमचेही असतात. पुष्कळ स्वस्त रिसीव्हर सहा ओहम वा अधिकासाठी बनवलेले असल्याने ते तापतात, मध्येच बंद पडतात, प्रसंगी जळतात. रिसीव्हरच्या मागे लिहिलेला किमान आकडा वाचल्याशिवाय एकही स्पीकर जोडू नये.

गृहस्थ: स्पीकरसाठी महागड्या तारा लागतात असे सांगतात.

तंत्रज्ञ: शुद्ध तांब्याची, पुरेशा जाडीची कोणतीही लवचीक दुपदरी तार चालते, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती मीटरवर मिळते. भिंतींच्या कडेने मागच्या स्पीकरपर्यंतची वाट दहा मीटरची असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबे लागते: 0.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा विरोध सुमारे 0.8 ओहम, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरचा दहावा हिस्सा होतो, तर 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत तो पाव ओहमच राहतो. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असते, पण तिचा विरोध सुमारे दीडपट भरतो. जोडताना रिसीव्हरचा प्लग काढून ठेवावा आणि तारेचा एकही धागा सुटा राहून शेजारच्या टर्मिनलला लागणार नाही हे पाहावे. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला, हा नियम सर्व स्पीकरना सारखाच पाळावा. एकाची टोके उलटली तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. खुणा पुसल्या असतील तर स्पीकर रिसीव्हरपासून सोडवून त्याच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा: वूफरचा पडदा बाहेर आला, तर सेलचे धन टोक ज्याला लागले आहे ते लाल.

गृहस्थ: सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर चालेल?

तंत्रज्ञ: कोपऱ्यात खर्ज वाढतो, पण सर्व स्वर सारखे वाढत नाहीत. दहा फुटांच्या रुंदीत सुमारे 56 आणि पंधरा फुटांच्या लांबीत सुमारे 38 हर्ट्झचा ध्वनी भिंतींमध्ये घुमतो, त्यामुळे एक स्वर कानठळ्या बसवतो आणि शेजारचा ऐकूच येत नाही. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवावा, खर्जाचे संगीत लावून भिंतींच्या कडेने कान जमिनीलगत नेत हिंडावे, आणि जिथे स्वर सारखे ऐकू येतील ती जागा त्याला द्यावी. त्याला रिसीव्हरमधून एकच आरसीए केबल जाते. क्रॉसओव्हरचे काम रिसीव्हर करत असल्याने सबवूफरवरचे ते बटण शेवटापर्यंत फिरवून ठेवावे.

गृहस्थ: आता टीव्ही तेवढा उरला.

तंत्रज्ञ: टीव्हीतील ॲपचा आवाज रिसीव्हरकडे न्यायला एआरसी लिहिलेले एचडीएमआय टोक वापरावे, ते नसेल तर ऑप्टिकल केबल. दोन्हींतून डॉल्बी डिजिटलचे पाच अधिक एक मार्ग जाऊ शकतात, परंतु टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये पीसीएम निवडलेले असेल तर दोनच मार्ग पुढे जातात. तिथे बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू निवडावे आणि रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बी डिजिटल ही अक्षरे येतात का ते पाहावे.

गृहस्थ: प्रभातचे जुने चित्रपट तर एकमार्गीच आहेत. त्यांना या सगळ्याचा काय उपयोग?

तंत्रज्ञ: ‘संत तुकाराम’ 1936 चा आणि ‘कुंकू’ 1937 चा, त्यांचा ध्वनी डाव्या-उजव्या मार्गांत अगदी सारखा येतो. रिसीव्हरवर डॉल्बी सराउंड किंवा प्रो लॉजिक हा पर्याय लावला की दोन्ही मार्गांत सारखा असलेला ध्वनी तो मधल्या स्पीकरकडे पाठवतो, म्हणून हे चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे त्या एकाच स्पीकरवर ऐकले जातात.