जवळून छायाचित्रें घेण्यास स्वस्त रिंग लाइट कितपत उपयोगी?

पिकावर कीड अथवा रोग दिसतांच त्याचें छायाचित्र मोबाईलवर घेऊन कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा ओळखीच्या तज्ज्ञाकडे पाठविण्याचा प्रघात आतां खेडोपाडीं रूढ झाला आहे. केंद्र सरकारनें १५ ऑगस्ट २०२४ रोजीं सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालींतहि छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. ही गोष्ट इष्टच होय. परंतु पाठविलेलें चित्र अस्पष्ट असेल, तर पाहणारानें सल्ला तरी कसा द्यावा? आणि अंदाजानें दिलेल्या सल्ल्याचा खर्च अखेर शेतकऱ्याच्याच खिशांतून जातो. यास्तव कांहीं शेकडा रुपयांस मिळणारा एलईडी रिंग लाइट, म्हणजे भिंगाभोंवतीं बसविण्याचा वलयाकार दिवा, घेण्याजोगा आहे किंवा नाहीं, याचा विचार या लेखांत करूं. तिपाईवर उभा करून चेहऱ्याचीं चित्रें घेण्याचा जो मोठा रिंग लाइट मिळतो, तो निराळा. त्याचा येथें संबंध नाहीं.

चित्र स्पष्ट कां हवें?

मिरचीचीं पानें आकसलीं कीं आपण त्यास चुरडामुरडा हें एकच नांव देऊन मोकळे होतों. परंतु फुलकिड्यांमुळें पानाच्या कडा वर वळतात, कोळ्यांमुळें त्या खालीं वळतात, आणि पांढऱ्या माशीनें पसरविलेला विषाणु हें तर तिसरेंच कारण असतें. फुलकिड्यांवरील पुष्कळ औषधें कोळ्यांवर चालत नाहींत. द्राक्षावरील भुरी व केवडा यांचीहि तीच गोष्ट. भुरीस गंधक लागू पडतो, केवड्यास पडत नाहीं. पानाची कड, मागील बाजूवरील बुरशीची वाढ व किड्याचा आकार हीं चित्रांत स्पष्ट आलीं नाहींत, तर एक फवारणी व्यर्थ जाते. आणि तेवढ्या दिवसांत रोग सर्व बाग व्यापतो.

उजेडाची अडचण

फुलकिडा सुमारें १ मिलिमीटर लांबीचा असतो. लाल कोळी त्याच्या निम्मा. एवढी लहान वस्तु घेण्यास भिंग फार जवळ न्यावें लागतें, आणि भिंग जितकें जवळ जाईल तितका स्पष्ट येणारा भाग पातळ होत जातो. कॅमेऱ्यांत वस्तूची प्रतिमा वस्तूएवढीच पडेल इतकें जवळ गेल्यास एफ ८ या छिद्रावर जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. ही जाडी वाढविण्यास छिद्र लहान करावें, तर उजेड घटतो. शिवाय इतक्या जवळून प्रतिमेस मिळणारा उजेड दूरच्या चित्राच्या मानानें चतुर्थांशच उरतो. त्यांतच कॅमेऱ्याची सावली पानावर पडते. रिंग लाइट या अडचणींवर उपाय म्हणून विकला जातो.

दिव्याचा खरा उपयोग

१९५२ सालीं अमेरिकेंत लेस्टर डाइन यांनीं दातांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं वलयाकार फ्लॅश तयार केला. तोंड ही एक अंधारी पोकळी आहे. एका बाजूनें उजेड टाकल्यास आंतील अर्धा भाग सावलींत राहतो. भिंगाच्या सर्व बाजूंनीं टाकल्यास तो सरळ आंत शिरतो. वलयाकार दिव्याचा मूळ हेतु हा असा आहे, आणि शेतींतहि तो अशाच ठिकाणीं उत्तम चालतो. मक्याचा पोंगा हें याचें चांगलें उदाहरण. २०१८ सालीं भारतांत आढळलेली अमेरिकन लष्करी अळी पोंग्यांत दडून बसते. तिच्या डोक्यावरील उलट्या वाय अक्षरासारखी खूण व शेपटाकडील चौकोनांत असलेले चार काळे ठिपके हीं चित्रांत आलीं, म्हणजे ओळख पक्की होते. कपाशीची डोमकळी, फोडलेलें बोंड, खोडांतील छिद्र, फुलाचा आंतील भाग यांसहि हा दिवा उपयोगी आहे. घरांत रात्रीं मेजावर ठेवलेल्या पानाचें चित्र घेण्यास तर तो सोयीचा आहेच. कारण दिवा सतत जळत असल्यानें चित्र कसें येईल हें आधींच दिसतें.

दोष

पहिला दोष म्हणजे शक्ति कमी. भर उन्हांत या दिव्याचा प्रकाश दिसतहि नाहीं. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागांत किंवा त्याहूनहि लवकर संपतो, म्हणून हलणारें पान त्यांत स्थिर येतें. स्वस्त एलईडी दिव्यास तेंच काम करण्यास पुष्कळ अधिक वेळ लागतो. तेवढ्यांत वाऱ्याची झुळूक आली कीं चित्र फिसकटलें. कांहीं दिव्यांवर ‘फ्लॅश’ असें लिहिलेलें असतें. परंतु एलईडी क्षणभर अधिक तेजानें पेटल्यानें खऱ्या फ्लॅशचें बळ येत नाहीं.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. सावली न पडणें हा पोकळींतील गुण सपाट पानावर अवगुण ठरतो. भुरीची राखेसारखी भुकटी, कोळ्यांचें जाळें, पानाची लव व सुरकुती हीं डोळ्यांस दिसतात तीं त्यांच्या बारीक सावल्यांमुळें. सर्व बाजूंनीं सारखा उजेड पडला कीं त्या सावल्या नाहींशा होतात व पान रंगविलेल्या कागदासारखें दिसतें. तुकतुकीत पानावर, दंवबिंदूवर व भुंगेऱ्याच्या पाठीवर तर दिव्याचें कडें जसेंच्या तसें उमटतें.

तिसरा दोष रंगाचा. पुष्कळ स्वस्त दिव्यांच्या प्रकाशांत तांबड्या रंगाचा अंश कमी असतो. पिंवळेपणा अन्नद्रव्याच्या कमतरतेचा आहे कीं तांबेऱ्याचा आरंभ आहे, हें रंगावरून ठरवावयाचें असतां असा प्रकाश फसवितो. यास उपाय सोपा आहे. पानाशेजारीं पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून चित्र घ्यावें. म्हणजे पाहणारास रंगाचा फरक कळतो.

घेणें झाल्यास

दुकानांत दिवा मंद करून त्याकडे मोबाईलचा कॅमेरा धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकतांना दिसले तर तो दिवा घेऊं नये. तेच पट्टे चित्रांत उतरण्याचा संभव असतो. वलयाचा अर्धाच भाग लावतां येईल असा दिवा मिळाल्यास तो पसंत करावा. त्यानें बाजूचा उजेड मिळून पानाचा पोत दिसतो. दिवा वस्तूपासून दुप्पट दूर नेल्यास उजेड सुमारें चतुर्थांश होतो, म्हणून फार दूर धरूं नये. आणि इतकाहि जवळ नेऊं नये कीं उजेड कडेनें निघून जाऊन मध्यभाग काळा पडावा. मोबाईलवर चिमट्यानें भिंग बसविणारांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

बिनखर्चाचा उपाय

पानाचें चित्र घेण्यास सकाळची वाऱ्यापूर्वींची वेळ सर्वांत उत्तम. ऊन कडक असल्यास छत्रीची सावली करावी. एका बाजूनें येणारा उजेड तसाच ठेवून दुसऱ्या बाजूस पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा धरावा, म्हणजे काळोख उजळतो व पोतहि राहतो. साध्या विजेरीवर पातळ कागद लावून ती तिरपी धरली तरी पानाच्या मागील बाजूचें चित्र रिंग लाइटपेक्षां सरस येतें.

सारांश, ज्यांस मका, कपाशी यांसारख्या पिकांत दडलेली कीड दाखवावयाची आहे, किंवा रात्रीं घरीं बसून नमुने पाहावयाचे आहेत, त्यांनीं स्वस्त रिंग लाइट अवश्य घ्यावा; थोड्या पैशांत तो आपलें काम करतो. ज्यांचें काम मुख्यत्वें पानांवरील रोगांचें आहे, त्यांनीं तेच पैसे चांगल्या हातभिंगावर खर्च करावे व वरील कागदाचा उपाय योजावा. उडत्या, चपळ किड्यांचीं चित्रें घेण्याची हौस असणारास फ्लॅशवांचून गत्यंतर नाहीं. कोणताहि दिवा वापरला तरी एक चित्र सबंध झाडाचें, दोन पानाच्या दोन्ही बाजूंचीं व एक किडीचें जवळून, अशीं चार चित्रें पाठवावीं, आणि जवळच्या चित्रांत मापासाठीं मोजपट्टी ठेवावी. उत्तर येईपर्यंत फवारणीचा पंप खालींच ठेवावा.