नचिकेत्याच्या वडिलांचं काय चुकलं?

दिवाळी सरली की चकल्या मऊ पडतात, चिवड्याला खवट वास यायला लागतो. मग डबे रिकामे करून आपण ते कामाच्या मावशींच्या पिशवीत भरतो. नेमकं तेव्हाच घरातलं पोर विचारतं, "आपण खात नाही ते त्यांना का द्यायचं?" आपलं उत्तर ठरलेलं असतं: "मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

कठोपनिषदाची सुरुवात अशाच प्रश्नाने होते. नचिकेत्याचे वडील वाजश्रवस सर्वस्व दान करायला निघालेत आणि दानात आहेत भाकड, थकलेल्या गाई. कोवळ्या पोराला ते खटकतं. सर्वस्वच द्यायचं तर मीही तुमचाच, मला कोणाला देणार? तीनदा विचारल्यावर बाप भडकतो: तुला मृत्यूला दिलं! मुलांना ही गोष्ट आपण धैर्याची म्हणून सांगतो. माझ्या मते ती आधी पालकांनी वाचावी. पुढे नचिकेता मृत्यूच्या, म्हणजे यमाच्या दारी जातो, तर तोही टाळाटाळच करतो. मेल्यावर माणसाचं काय होतं, असं विचारताच तो हत्ती, घोडे, सोनं, हवं तेवढं आयुष्य देऊ करतो. हा एक प्रश्न तेवढा सोड म्हणतो. (आजचा यम मोबाइल हातात देईल.) पण पोरगं बधत नाही म्हटल्यावर तो त्याच्याशी बोलायला लागतो. जन्मदात्याला ते जमलं नव्हतं.

गॅरेथ मॅथ्यूज या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1980 साली लहान मुलांच्या तत्त्वचिंतनावर एक पुस्तक लिहिलं. त्यात सहाएक वर्षांचा टिम भांडं चाटता चाटता वडिलांना विचारतो, हे सगळं स्वप्न नाही कशावरून? वडील गोंधळतात, मला माहीत नाही म्हणतात आणि त्यालाच विचारतात, कसं ओळखायचं? थोड्या वेळाने टिम सांगतो की हे स्वप्न नसावं. स्वप्नात माणसं 'हे स्वप्न आहे का' असं विचारत फिरली नसती. उत्तर पटो न पटो, कारण देऊन केलेला विचार आहे तो. वडिलांनी फार काही केलं नाही. फक्त त्याला उडवून लावलं नाही.

अर्थात प्रत्येक प्रश्नावर चिंतन नको. पाऊस कसा पडतो याला उत्तर आहे, ते सांगून मोकळं व्हा. स्कूलबस दारात उभी असताना 'रात्री बोलू' म्हणालात तरी चालेल, मात्र रात्री आठवणीने विषय काढा. आणि 'तुला काय वाटतं?' हेसुद्धा अंग काढून घ्यायला वापरता येतं. त्याच्या पाठोपाठ 'कशावरून?' यायला हवं. शिवाय तुम्हाला काय वाटतं, तेही सांगा.

आजोबा गेले की 'देवाघरी गेले' म्हणून आपण सुटतो आणि चार दिवसांनी पोर विचारतं, मग परत कधी येणार? इथे दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात. त्यांचं शरीर थांबलंय, ते परत येणार नाहीत, हे नक्की. त्यापुढे काय, याबद्दल आपल्या घरात असं मानतात, दुसरीकडे वेगळं मानतात. यावर एखादा चिमुरडा सरळ म्हणेल, मला नाही वाटत देव असतो. आजी दुखावेल म्हणून त्याला गप्प करू नका. "आजी, तू कशावरून मानतेस?" असं नीट, आदराने विचारू द्या. आजीकडे सांगण्यासारखं बरंच असतं. तिला कुणी विचारत नाही इतकंच.