परतणाऱ्या पक्ष्यांची नोंद
(परिसर अभ्यास : निरीक्षणपाठ)

पाहुण्या पक्ष्यांचे येणे मुलांच्या चटकन ध्यानात येते; त्यांचे जाणे मात्र सहसा कोणास कळत नाही. सोलापूर, बीड, धाराशिव या कोरडवाहू मुलखात फाल्गुन-चैत्रात माळ हळूहळू रिता होतो. आज भोरड्यांचा मोठा थवा, उद्या एकही नाही, परवा पुन्हा दहा-वीस, असे कित्येक दिवस चालते. वाढत्या दिनमानाबरोबर पक्ष्यांच्या अंगी परतीची तयारी होऊ लागते व प्रवासासाठी चरबी साठते. परंतु प्रत्यक्ष प्रस्थान वारा, हवामान आणि अन्न यांवर अवलंबून असते. पुष्कळ लहान पक्षी तर रात्रीच निघून जातात.

या पाठासाठी दोनच पक्षी पुरेसे आहेत. पहिली भोरडी, म्हणजेच पळसमैना. डोके, पंख व शेपटी काळी, बाकी अंग गुलाबी. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की ती तेथे हमखास सापडते. ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांवर शेतकरी गोफण चालवितो, ते समजण्याजोगे आहे. तथापि मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशात हाच पक्षी टोळ व नाकतोडे यांवर पिले वाढवितो, हेही मुलांस सांगावे. दुसरा पांढरा धोबी. येथे एक घोटाळा संभवतो. पाणवठ्यावर त्याचा थोडा मोठा भाऊबंद बारमाही राहतो. पाहुण्याचे कपाळ व चेहरा पांढरा असतो. स्थानिकाचे डोके काळे असून डोळ्यावर पांढरी भुवई असते. हा भेद न शिकविल्यास मुले भर वैशाखातही पाहुणा दिसल्याचे लिहितील.

एकच जागा, एकच वेळ. सकाळच्या शाळेपूर्वीची पंधरा मिनिटे पुरतात. वहीत तारीख, वारा व संख्या लिहावी. पक्षी न दिसल्यास स्पष्ट ‘शून्य’ लिहावे, आणि कोणी गेलेच नसल्यास ‘पाहिले नाही’ असे लिहावे. या दोहोंत मोठे अंतर आहे. पक्षी शेवटचा कोणत्या दिवशी दिसला हे त्या दिवशी कोणासच ठाऊक नसते. त्यानंतर ओळीने शून्ये पडली म्हणजेच ती तारीख ठरते. शून्ये गाळलेल्या वहीतून ती कधीच निघणार नाही.

अडचण निराळीच आहे. गुरुजी प्रसन्न व्हावेत म्हणून मूल न पाहिलेला पक्षी सांगते. मोठा आकडा आणणाऱ्याला शाबासकी आणि रिकाम्या हाताने येणाऱ्याला मौन, असे दोन-चार दिवस घडले की सारी वही खोटी होते. म्हणून शून्य आणणाऱ्या मुलासही तितक्याच आस्थेने विचारावे : कोठे उभा होतास? किती वेळ? वारा कोणीकडचा होता?

एप्रिलअखेर वही बंद करू नये. ती जूनमध्ये पुढील वर्गाच्या हाती द्यावी. भोरड्यांचे थवे ऑगस्टच्या सुमारास पुन्हा दिसू लागतात, त्या तारखेसाठी एक पान कोरे ठेवावे.