युरियाची गोणी आणि केंद्रीय अर्थसंकल्प

केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला, की शहरातील वाचक प्रथम प्राप्तिकराचे दर पाहतो आणि खेड्यातील वाचक शेतीसाठी कोणती नवी योजना आली याची चौकशी करतो. अनुदानांचा तक्ता मात्र फारसे कोणी उघडून पाहत नाही. त्या तक्त्यात अन्नधान्याच्या खालोखाल मोठी रक्कम असते ती रासायनिक खतांची, आणि तिचा संबंध गावातील जवळजवळ प्रत्येक खातेदाराशी येतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सादर झालेल्या अर्थसंकल्पात खतांच्या अनुदानासाठी १,०५,२२२ कोटी रुपयांची तरतूद होती. २०२२-२३ हे वर्ष संपले तेव्हा प्रत्यक्ष खर्च २,५१,३३९ कोटी रुपयांवर गेला होता. त्या बारा महिन्यांत शेतकऱ्यांनी अडीचपट खत वापरले असे घडले नव्हते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवरील छापील किंमतही २६६ रुपये ५० पैसे, म्हणजे पूर्वीचीच होती. त्याच वर्षी केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्रालयासाठी मूळ तरतूद सुमारे १ लाख ३२ हजार कोटी रुपयांची होती, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ या वाढीव खर्चाचाच आवाका ध्यानात येतो.

खत वाढले नाही, किंमत वाढली नाही, तरी खर्च अडीचपट कसा झाला? किंमत वाढली नाही, हेच त्याचे कारण होय.

दर स्थिर, खर्च अस्थिर

युरिया तयार होतो तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून. देशात निघणारा वायू सर्व कारखान्यांना पुरत नाही. म्हणून द्रवरूप वायू जहाजाने आणावा लागतो. तयार युरियाही काही प्रमाणात आयात होतो. पालाशयुक्त खतांसाठी आपण जवळजवळ सर्वस्वी परदेशांवर अवलंबून आहोत, आणि स्फुरदयुक्त खतांचा कच्चा माल, म्हणजे फॉस्फेट खडक व फॉस्फरिक आम्ल, हाही बहुतांशी बाहेरूनच येतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया व युक्रेन यांच्यात युद्ध पेटले, वायूचे व खतांचे जागतिक भाव भडकले, आणि आयातीचे बिल फुगले.

अशा वेळी वाढीव खर्च कोणी तरी सोसावाच लागतो. गोणीची किंमत वाढविली तर तो शेतकऱ्यावर पडतो. किंमत कायम ठेवली तर तो शासकीय तिजोरीवर पडतो. युरियाची विक्री किंमत नोव्हेंबर २०१२ मध्ये टनामागे ५,३६० रुपये ठरली, आणि कडुनिंबाच्या आवरणाचा खर्च व कर सोडले तर ती त्यानंतर बदललेली नाही. म्हणजे जगात वायू महाग होवो की रुपया घसरो, त्याचा सारा धक्का अर्थसंकल्पातील एका ओळीने झेलायचा, अशी ही व्यवस्था आहे. एरवी खर्चाचा आकडा अर्थमंत्री ठरवितात. येथे तो बऱ्याच अंशी परदेशी बाजारात ठरतो. करांचे उत्पन्न त्या प्रमाणात वाढले नाही, तर वाढीव रक्कम कर्ज काढून उभी करावी लागते, आणि त्या कर्जाचे व्याज पुढील अनेक अर्थसंकल्पांत भरावे लागते.

योजनेचा जन्म

ही व्यवस्था कोणाच्या लहरीतून निर्माण झाली नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर खतांचे भाव एकदम चढले. जून १९७४ मध्ये युरियाचा दर टनामागे २,००० रुपयांवर गेला आणि १९७४-७५ मध्ये देशातील खतांचा वापर घटला. संकरित व सुधारित बियाण्यांवर अन्नधान्याची भिस्त असताना खताचा वापर घटणे देशाला परवडणारे नव्हते. मराठे समितीच्या शिफारशींनंतर नोव्हेंबर १९७७ मध्ये नत्रयुक्त खतांसाठी नवी पद्धत सुरू झाली. प्रत्येक कारखान्याचा उत्पादनखर्च तपासून, त्यात गुंतविलेल्या भांडवलावरील ठरावीक परतावा मिळवून, त्या कारखान्यापुरती किंमत निश्चित करावयाची. ही किंमत आणि शेतकऱ्याकडून मिळणारी किंमत यांतील फरक शासनाने भरावयाचा. १९७९ मध्ये ही पद्धत स्फुरदयुक्त खतांनाही लागू झाली.

तिची फळे दिसली. देशात नवे कारखाने उभे राहिले. मुंबई हायच्या वायूवर चालणारा रायगड जिल्ह्यातील थळचा प्रकल्प त्याच काळातला. १९५०-५१ मध्ये सुमारे ५ कोटी टन असलेले अन्नधान्याचे उत्पादन १९८३-८४ मध्ये १५ कोटी टनांपलीकडे गेले. त्यात पाणी, बियाणे व शेतकऱ्यांचे कष्ट यांचा वाटा होताच, पण स्वस्त व खात्रीच्या खताचाही होता. परंतु खर्च जितका अधिक तितकी भरपाई अधिक, हा या पद्धतीतील दोष लौकरच जाणवू लागला. काटकसरीने चालणाऱ्या कारखान्याला त्या काटकसरीचे पुरेसे चीज मिळत नव्हते. अखेर २००३ मध्ये प्रत्येक कारखान्याची वेगळी किंमत ही कल्पना सोडून गटवार दर आणण्यात आले.

अर्धवट सुधारणेची किंमत

२४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पाने खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढविल्या. तीव्र विरोध झाला आणि पुढच्याच महिन्यात ही वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली. त्यानंतर ऑगस्ट १९९२ मध्ये जो निर्णय झाला तो अधिक दूरगामी ठरला. स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त करण्यात आली. युरिया नियंत्रणाखालीच राहिला, इतकेच नव्हे, तर त्याची किंमत १० टक्क्यांनी कमी करण्यात आली. एक खत महाग झाले आणि त्याच क्षणी दुसरे स्वस्त.

शेतकऱ्याने केले ते कोणीही केले असते. देशातील नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ असे होते, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ झाले. संपूर्ण देशासाठी ४ : २ : १ हे प्रमाण ढोबळमानाने योग्य मानले जाते. प्रत्येक जमिनीची व पिकाची गरज वेगळी असल्याने हे प्रमाण कोणा एका शेताला लावावयाचे नसते. परंतु देशाचा कल कोणीकडे आहे, हे त्यावरून कळते.

१ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांना त्यांतील पोषकद्रव्यांच्या वजनानुसार ठरावीक अनुदान देण्याची पद्धत आली. कल्पना चांगली होती, परंतु युरिया तिच्याबाहेरच राहिला आणि १९९२ चीच विषमता नव्या रूपात चालू राहिली. गोणीची किंमत न पाहता तीतील पोषकद्रव्याची किंमत काढली, म्हणजे ही विषमता स्पष्ट दिसते. शाळेतील मुलांनाही करून पाहता येईल असा हा हिशेब आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे २६६ रुपये ५० पैशांच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र मिळते व ते किलोमागे सुमारे १३ रुपयांना पडते. डीएपीच्या ५० किलोच्या १,३५० रुपयांच्या गोणीत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते. त्यातील नत्राचे युरियाच्या दराने ११७ रुपये वजा केले, तर स्फुरद किलोमागे ५३ रुपयांहून अधिक दराने पडते. म्हणजे डीएपीलाही मोठे अनुदान असूनसुद्धा स्फुरदाची किंमत नत्राच्या चौपट आहे. मे २०२१ मध्ये डीएपीच्या गोणीमागील अनुदान ५०० रुपयांवरून १,२०० रुपये करण्यात आले नसते, तर तीच गोणी १,९०० रुपयांना घ्यावी लागली असती.

पीक हिरवेगार दिसते ते नत्राने, आणि नत्रच सर्वांत स्वस्त. त्यामुळे मृद्‌परीक्षणाच्या पत्रिकेवर काहीही लिहिलेले असो, हात युरियाच्या गोणीकडे जातो. पत्रिका एक सांगते आणि बाजारातील किंमत दुसरेच सांगते. या दोहोंत किंमतीचा आवाज मोठा असतो. गावोगावच्या कृषी साहाय्यकांना हा अनुभव नवा नाही.

वाटा कोणाला किती

खतावरील अनुदान शेतकऱ्याच्या गरजेनुसार न मिळता गोणीनुसार मिळते. जो अधिक गोण्या नेतो त्याच्या पदरी अधिक अनुदान पडते. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. हे सर्व नत्र युरियातून दिले असे धरल्यास बारा गोण्या लागतात. कोरडवाहू रब्बी ज्वारीला ४० ते ५० किलो नत्र पुरते. तिला दोन-अडीच गोण्या लागतात. हरभऱ्याला २५ किलो नत्र, म्हणजे एका गोणीहून किंचित अधिक. कारण कडधान्याचे पीक आपले बरेचसे नत्र मुळांवरील गाठींतून हवेतूनच मिळविते. कालव्याखालील ऊस उत्पादकाला सरकारी तिजोरीतून हेक्टरी जे मिळते, त्याचा पाचवा भाग माण-खटावच्या ज्वारी उत्पादकाला आणि दहावा-बारावा भाग हरभरा पेरणाऱ्याला मिळतो. महाराष्ट्रातील बहुतांश लागवड पावसावर अवलंबून आहे, हे येथे विसरून चालणार नाही. डाळींसाठी देश परदेशांकडे पाहतो आणि ज्या पिकाला नत्र जास्त लागते त्यालाच अनुदान अधिक जाते, ही विसंगती धोरणाच्या हेतूत नव्हती; ती त्याच्या रचनेतून आली.

याखेरीज गळतीचा प्रश्न आहेच. युरिया प्लायवुडच्या डिंकासाठी वापरता येतो, तो सीमेपलीकडे चोरून नेता येतो. २०१५-१६ च्या आर्थिक पाहणीत युरियावरील अनुदानाचा हिशेब मांडला होता. अकार्यक्षम कारखाने, शेतीबाहेर वळलेला माल व मोठे शेतकरी यांचा भाग वजा जाता अनुदानातील सुमारे ३५ टक्के रक्कमच अल्प व अत्यल्प भूधारकांपर्यंत पोहोचते, असा तो अंदाज होता. २०१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले, ते गळतीला आळा घालण्यासाठीच. २०१८ पासून दुकानातील यंत्रावर आधार क्रमांकाची नोंद करून विक्री होते. या पद्धतीला थेट लाभ हस्तांतरण म्हणतात खरे, परंतु रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जात नाही. विक्री झाल्यावर ती कंपनीला मिळते.

अर्थसंकल्पाचा आकडा वाचताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. शासनाचा हिशेब रोखीचा असतो. वर्षात देय झालेली, परंतु न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात दिसत नाही. कित्येक वर्षे खत कंपन्यांची देणी अशीच पुढील वर्षावर ढकलली जात होती आणि तक्त्यातील खर्च आटोक्यात दिसत होता. नोव्हेंबर २०२० मध्ये खतांसाठी ६५,००० कोटी रुपयांची जादा तरतूद जाहीर झाली, तेव्हाच ही साचलेली थकबाकी फिटण्याची वाट मोकळी झाली.

रोख रक्कम दिल्यास

मग खत खऱ्या किंमतीला विकावे आणि अनुदान हेक्टरी हिशेबाने शेतकऱ्याच्या खात्यात भरावे, ही सूचना वारंवार पुढे येते. तिच्यात तथ्य आहे. नत्र व स्फुरद यांच्या किंमतीतील विषमता त्याने कमी होईल, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा वाढेल. परंतु पैसे कोणाच्या खात्यात भरावयाचे? सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्या. प्रत्यक्ष शेत कसणारा पुष्कळदा अर्धेलीने किंवा खंडाने कसणारा असतो, आणि त्याचे नाव उताऱ्यावर नसते. आज दुकानातून गोणी उचलताना त्याला स्वस्त दर मिळतो. रोख रकमेच्या पद्धतीत खत त्याला महाग मिळेल आणि पैसे शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात पडतील. शिवाय खरिपाच्या तोंडावर हाती रोकड नसलेल्या कुटुंबाला आधी पूर्ण किंमत मोजून नंतर भरपाईची वाट पाहणे जड जाते. वहिवाटीची नोंद आणि रकमेची वेळ या दोन गोष्टी आधी गावपातळीवर, तलाठ्याच्या दप्तरात आणि ग्रामसभेत सुटाव्या लागतील; दिल्लीतील तक्त्यात त्या सुटणाऱ्या नाहीत.

तोपर्यंत गोणीची किंमत आहे तेथेच आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात खतांच्या अनुदानासाठी १ लाख ६७ हजार ८८७ कोटी रुपयांचा अंदाज धरण्यात आला. तो प्रत्यक्षात किती उतरतो, हे वायूच्या भावावर व रुपयाच्या दरावर अवलंबून आहे.