शहरात शिकणारे मूल आणि नशा



आपल्या गावची मुले-मुली आता कॉलेजात शिकू लागली आहेत. कोणी पुण्याला, कोणी नागपूरला, कोणी संभाजीनगरला. त्यासाठी कोणी बैलजोडी विकतो, कोणी सोसायटीचे कर्ज काढतो. मूल निघाले की आपण विचारतो, खोली मिळाली का? जेवणाची सोय काय? हे विचारलेच पाहिजे. पण आणखी एक गोष्ट आईबापांना माहीत हवी. ती म्हणजे नशा. भीती घालावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. माहिती असली की माणूस घाबरत नाही.

जुनी नशा, नवी नशा

दारू, तंबाखू, गांजा, भांग ही नावे गावाला नवी नाहीत. गांजाच्या झाडाच्या पानांची भांग होते. मादी झाडाच्या फुलोऱ्याला गांजा म्हणतात. त्याच झाडाच्या चिकट रसाचा चरस होतो. झाड एक, पण जोर वेगवेगळा.

शहरात आणखी काही प्रकार मिळतात. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर. ती अफूपासून करतात. एम. डी. नावाची पूड रसायनांपासून करतात. शिवाय झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याचे औषध. ही खरी तर औषधेच. पण डॉक्टरला न विचारता, नशेसाठी घेतली की त्यांचेच विष होते.

पोरं का घेतात?

घेणारा पोरगा वाईटच असतो, असे नाही. नवे गाव, नवे सोबती. परीक्षेची धास्ती असते. घरची आठवण येते. कोणी म्हणतो, "एकदा घेऊन तर बघ. सगळेच घेतात."

हे "सगळेच घेतात" खोटे आहे. दिल्लीच्या एम्स या मोठ्या सरकारी रुग्णालयाने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली निघाला. त्यात असे दिसले की, शंभरांतली सुमारे १५ माणसे दारू पितात. भांग, गांजा, चरस घेणारी शंभरांत ३ सुद्धा नाहीत. म्हणजे न घेणारेच पुष्कळ आहेत. हा हिशेब आपल्या मुलाला जरूर सांगा.

धोका कुठे आहे?

दुकानातून खत आणले तर पोत्यावर लिहिलेले असते, आत काय आहे, किती आहे. चोरून विकलेल्या पुडीवर काहीच लिहिलेले नसते. आत काय मिसळले, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. हा पहिला धोका.

दुसरा धोका दोन नशा एकत्र करण्याचा. दारू, झोपेच्या गोळ्या आणि गर्द ही तिन्ही श्वास मंद करतात. एकाने श्वास थोडा मंद होतो. दोन मिळाल्या की श्वास थांबूही शकतो. माणूस झोपेतच जातो.

तिसरा धोका असा. गर्द घेणाऱ्याने ती काही दिवस सोडली, आणि मग पहिल्याइतकीच घेतली, तर शरीराला ती सोसत नाही. त्यात जीव जातो.

एम. डी. ने काळीज धडधडते, झोप उडते, मन संशयी होते. गांजाने ध्यान आणि आठवण कमी होते. कोवळ्या वयात रोज गांजा ओढला तर काहींना वेड लागते. घराण्यात कोणाला असा आजार असेल तर हा धोका जास्त. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, म्हणून हे वय जपायचे.

शुद्ध हरपली तर

हा भाग दोनदा वाचा.

१. हाक मारा, खांदा हलवा. उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, किंवा श्वास अडत असेल तर १०८ वर फोन करा. गाडी येते. पैसे पडत नाहीत.
२. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. उलटी झाली तर ती घशात अडकत नाही.
३. लिंबू, ताक, मिठाचे पाणी, काहीही पाजू नका.
४. "झोपू द्या, उतरेल" म्हणून एकट्याला सोडू नका.
५. काय घेतले ते डॉक्टरला खरे सांगा. पुडी किंवा गोळीचे पाकीट सोबत न्या.

पुष्कळ वेळा सोबती घाबरतात. पोलीस येतील, घरी कळेल, म्हणून दार लावून बसतात. त्या तासाभरात मित्र हातचा जातो.

कायदा

१९८५ साली याचा कायदा झाला. गांजा, चरस, गर्द, एम. डी. जवळ बाळगणे गुन्हा आहे. गांजा थोडा असला तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. साठा फार मोठा असला तर दहा ते वीस वर्षे. म्हणून मुलांना सांगा, दुसऱ्याची पिशवी सांभाळायची नाही, पोचवायची नाही.

पण याच कायद्यात दयाही आहे. व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने उपचार पुरा केला, तर सेवनाबद्दल किंवा थोडा माल बाळगल्याबद्दल त्याच्यावर खटला चालत नाही.

व्यसन सुटते

व्यसन हा आजार आहे. पुण्याला १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्याला पैशांची मदत केली. अशा केंद्रांतून बरी झालेली माणसे आज कामधंदा करीत आहेत. सरकारचा १४४४६ हा फोनही आहे. तिथे फुकट सल्ला मिळतो.

आईबापांनी काय करावे?

पोरगा वारंवार पैसे मागतो, दिवसा झोपतो, जुने मित्र सोडतो, तर चौकशी करा. पण लगेच आळ घेऊ नका. कारण दुसरेही असू शकते. मारून, शिक्षण बंद करून नशा सुटत नाही. मूल लपवायला मात्र शिकते. आणि आपल्या खिशात तंबाखूची पुडी असेल तर मुलाला उपदेश कसा पटेल? हाही विचार करावा.

आता तुम्हाला लिहिता येते. तर आज स्वतःच्या हाताने मुलाला चार ओळी लिहा. कागदावर लिहा, नाही तर मोबाईलवर लिहा:

"बाळा, नशेला हात लावू नको. पण तुझ्याकडून किंवा मित्राकडून काही चूक झाली, तर आधी १०८ ला फोन कर, मग मला कर. मी रागावणार नाही. तू आम्हाला हवा आहेस."

प्रश्न

१. पुडीतल्या नशेचा पहिला धोका कोणता?
२. दारूवर झोपेची गोळी घेतली तर काय होते?
३. बेशुद्ध माणसाला कसे निजवावे?
४. १०८ आणि १४४४६ हे आकडे पाटीवर पाच वेळा लिहा.